एकवीस मोदक पस्तीसला

मुलुंड पूर्वेला नवघर रोडवर उभं राहून कुणालाही विचारा, जयंती वालावलकर कुठे राहतात. समोरचा उलट तुम्हालाच विचारील, "मोदकवाल्या काकी ना?" आणि मग हात करून दाखवील. पिवळ्या रंगाची चार मजली सोसायटी, तळमजला, उजवीकडचं दार. दारावर पाटीबिटी काही नाही. वासाच्या मागे जा म्हटलं असतं, पण आमच्या मुलुंडात दर दुसऱ्या घरातून कसला ना कसला वास येत असतो, तेव्हा दार विचारून घेतलेलंच बरं.

जयंतीबाईंचं वय एकोणसाठ. उंची बेताची, आवाज मात्र तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचणारा. माणसं कुडाळकडची. सासरे लालबागला गिरणीत होते. संप झाला, गिरणी गेली आणि ते बिऱ्हाड घेऊन मुलुंडला आले. नवरा चंद्रप्रकाश भांडुपच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होता. चोवीस वर्षांपूर्वी त्या कारखान्यालाही टाळं लागलं. वालावलकरांच्या घरात दोन पिढ्यांच्या पुरुषांची कामं अशी बंद पडली, आणि त्याच वर्षी बाईचं काम जे सुरू झालं ते आजतागायत चालू आहे. सुरुवातीला शेजारच्या दोन घरांना संकष्टीचे मोदक. मग सोसायटीला. मग रस्त्यापलीकडच्या टाटा कॉलनीला, गव्हाणपाड्याला, हरी ओम नगरला. मुलगा मुकुल त्याच मोदकांवर शिकला आणि आता जहाजावर नोकरी करतो, सहा महिने समुद्रात आणि चार महिने घरात. त्याची बायको श्वेता सासू-सासऱ्यांजवळ राहते, ऐरोलीच्या एका कंपनीचं काम बरेच दिवस घरूनच करते.

मोदकांच्या बाबतीत जयंतीबाईंचे दोन कायदे आहेत. पहिला असा की साध्या संकष्टीला अकरा किंवा एकवीस, आणि अंगारकीला फक्त एकवीस. सुटे नाहीत. अंगारकी वर्षातून एखाद-दोनदाच येते आणि त्या दिवशी अख्ख्या उपनगराला बाप्पाची आठवण होते. कुणाला चार, कुणाला सात, कुणाला "दोनच द्या ना काकी" असं करत बसलं तर चंद्र उगवून मावळेल तरी डबे भरून व्हायचे नाहीत. दुसरा कायदा असा की एकदा हो म्हटलं की हो. सासूबाई गेल्या तेव्हा अंगारकी चार दिवसांवर होती आणि घरात सुतक. जयंतीबाईंनी रडून झाल्यावर तोंड धुतलं, वही काढली आणि सगळा माल मैत्रिणीच्या, रत्नप्रभाच्या, घरी नेऊन ठेवला. तिच्या हातचे मोदक बावीस घरांत वेळेवर पोचले. ज्याला हो म्हटलं त्याचा बाप्पा चंद्रोदयाला उपाशी राहता कामा नये, एवढंच त्यांचं म्हणणं. चोवीस वर्षांत तो राहिलाही नव्हता.

वही जाऊन मोबाईल आला तो श्वेतामुळे. अंगारकीच्या आधीच्या आठवड्यात जयंतीबाईंचा फोन इतका वाजायचा की उकडीवर झाकण ठेवायलाही हात मोकळा नसायचा. श्वेता म्हणाली, "आई, मी तुम्हाला ऑनलाइन दुकान काढून देते. लोक स्वतःच ऑर्डर टाकतील, पैसेही आधी भरतील. तुम्हाला फक्त यादी बघायची." जयंतीबाईंनी पंधरा दिवस नाही-नाही केलं. मग चंद्रप्रकाशरावांनी स्टोअरकीपरच्या अधिकाराने सांगितलं की मालाची नोंद जितक्या कमी हातांतून जाईल तितकी बरी. मग त्या हो म्हणाल्या. आणि हो म्हटलं की हो.

आता इथे जरा थांबायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण एका शब्दावरून झालं.

बाजारात आपण काय विचारतो? "मेथी कशी दिली?" "अंडी कशी?" जयंतीबाईंना चोवीस वर्षं प्रत्येक फोनवर हाच प्रश्न आला होता, "काकी, मोदक कसे?" आणि त्याचं उत्तर नेहमी एका नगाचं असतं. सुरुवातीला त्या पाच रुपये म्हणायच्या, मग बारा, मग वीस. गेल्या दिवाळीपासून पस्तीस. घ्यायचे एकवीसच, पण भाव एकाचा. दोन्ही बाजूंना हे ठाऊक असतं, त्यामुळे कधी कुणाचा गोंधळ होत नाही.

शुक्रवारी दुपारी श्वेता बाहेरच्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती. कानात ते छोटे भोंगे, समोर एका पडद्यावर साहेब, दुसऱ्यावर मोदकांचं दुकान. फोटो चढवला, नाव टाकलं. साहेब काहीतरी बोलत होते. तिने आपला आवाज बंद केला आणि स्वयंपाकघराकडे मान वळवून विचारलं, "आई, एकवीस मोदक कसे?"

आतून उत्तर आलं, "पस्तीस."

श्वेताने टाकलं पस्तीस. साहेबांनी तेवढ्यात तिचं नाव घेतलं, तिने आवाज सुरू केला, "येस सर" म्हणाली आणि दुकान उघडण्याचं बटण दाबून टाकलं. मंगळवारच्या अंगारकीसाठी वालावलकरांचे एकवीस उकडीचे मोदक जगाला पस्तीस रुपयांत मिळू लागले.

शनिवारी सकाळी चहाच्या वेळी श्वेताने यादी उघडली आणि तिच्या हातातलं बिस्किट चहात पडलं. एकशे अठरा ऑर्डरी होत्या. मुलुंड होतंच, पण भांडुप, कांजूरमार्ग, ठाणे, घाटकोपर, एक तर चक्क चेंबूरची. कुणीतरी सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुकानाचा फोटो टाकून लिहिलं होतं, "एकवीस मोदक फक्त पस्तीस, लवकर करा, संपतील." लोकांनी लवकर केलं होतं.

"वाट लागली," श्वेता म्हणाली. मग तिला किंमत दिसली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. "आई, मी एकवीसला पस्तीस टाकलेत."

जयंतीबाई ओट्याशी नारळ खवत होत्या. त्यांनी विळी बाजूला केली, पदराला हात पुसले आणि येऊन पडद्याकडे पाहिलं. मनातल्या मनात एकशे अठरा गुणिले एकवीस करायला त्यांना वेळ लागला नाही. जवळजवळ अडीच हजार मोदक. रत्नप्रभा आणि आणखी तिघी धरून अंगारकीला त्यांच्याकडून जास्तीत जास्त चाळीस डबे निघत, आणि त्यातले सव्वीस जुन्या गिऱ्हाइकांनी फोनवर आधीच सांगून ठेवलेले होते. म्हणजे उरले चौदा. मंगळवारी रात्री नऊच्या सुमाराला शंभरावर घरांत दिवसभराच्या उपवासाची माणसं नैवेद्याची वाट बघत बसणार, आणि त्यांच्या दाराची बेल वाजणार नाही, हे त्यांना तिथल्या तिथे डोळ्यांसमोर दिसलं.

श्वेता रडायच्या बेतात होती. "तुम्ही पस्तीस म्हणालात ना..."

"म्हटलं. तू कसे विचारलंस, मी भाव सांगितला. तुझंही बरोबर, माझंही बरोबर. आता रडू नको, तुझं बिस्किट काढ त्या चहातून."

एवढ्यात रत्नप्रभा खोबरं घेऊन आली. तिला सगळं सांगितल्यावर ती खाली पाटावरच बसली. "गे बाय माझे! पस्तिसात एकवीस? तेवढ्यात तर नारळसुद्धा येवचो नाय. चुलीत घाल तो मोबाईल."

चंद्रप्रकाशरावांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. ते सहसा मध्ये बोलत नाहीत, पण बोलले की नोंदवहीत लिहिल्यासारखं बोलतात. "घेणाऱ्यांनाही कळतं, ही चूक आहे म्हणून. पस्तीसला एकवीस मोदक कुठेच मिळत नाहीत. लोकांनी जाणूनबुजून हात धुऊन घेतलेत. सगळ्या रद्द कर, पैसे परत पाठव. विषय संपला."

"एक बटण आहे, आई," श्वेता डोळे पुसत म्हणाली. "सगळ्या एकदम रद्द होतात. मेसेजही आपोआप जातो."

"काय जातो मेसेज?"

श्वेताने वाचून दाखवलं. तांत्रिक कारणास्तव आपली ऑर्डर रद्द करण्यात आली आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

जयंतीबाई भडकल्या. रागावल्या की त्यांचा आवाज उलट खाली येतो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. "तांत्रिक म्हणजे काय? कोण हा तांत्रिक? नाव माझं आहे तिथे. माझ्या नावाने हो गेलंय, तर नाहीसुद्धा माझ्याच तोंडाने जाईल. मी फोन करते एकेकाला."

"एकशे अठरा?" चंद्रप्रकाशराव म्हणाले.

"मग? चोवीस वर्षं मी फोनवरच बोलतेय ना? अजून दोन दिवस."

त्यांनी मनाशी ठरवलं ते असं. प्रत्येकाला खरं सांगायचं. पैसे परत हवे असतील त्याला परत. खऱ्या भावाने एकवीस हवे असतील त्याला, जागा असेपर्यंत, एकवीस. आणि ज्याचा नैवेद्यच अडला असेल, जो म्हणेल की आता माझी दुसरी सोय नाही, त्याला त्याच पस्तीस रुपयांत पाच मोदक. पाचांचा नैवेद्य चालतो. पाचाला पस्तीस म्हणजे पदरचे जाणार होतेच, पण बाप्पा तरी उपाशी राहणार नव्हता.

शनिवारी अकराला त्या पलंगावर मांडी घालून बसल्या. शेजारी श्वेता यादी घेऊन. पहिले दहा-बारा फोन सोपे गेले. लोक हसले. "आम्हाला वाटलंच होतं काकी, काहीतरी गडबड आहे म्हणून," असं म्हणाले आणि पैसे परत चालतील म्हणाले. काही जणांना इतकी लाज वाटली की पैसेही नकोत म्हणाले. मुलुंड पश्चिमेच्या एका गुजराती बाईंनी सरळ पूर्ण पैशांत एकवीस मागितले आणि वर सांगितलं की तुमचा भाव तर कमीच आहे, बेन.

मग आला सुबोध नावाचा ठाण्याचा गृहस्थ. त्याने एकट्याने दहा ऑर्डरी टाकल्या होत्या. दहा गुणिले एकवीस, साडेतीनशे रुपयांत दोनशे दहा मोदक.

"मॅडम, पेमेंट झालंय," तो म्हणाला. "ऑर्डर कन्फर्म आहे. आता तुम्हाला द्यावेच लागतील. मी ग्राहक मंचात जाईन."

"जा हो," जयंतीबाई शांतपणे म्हणाल्या. "पण आधी मला एक सांगा, दोनशे दहा मोदकांचा नैवेद्य कुठल्या बाप्पाला?"

"ऑफिसात वाटायचे होते."

"ऑफिसला पेढे न्या. घरी बाप्पा बसतो का तुमच्या?"

"देव्हाऱ्यात आहे. आई करते अंगारकी."

"मग तुमच्या आईसाठी पाच पाठवते. साडेतीनशेतले बाकीचे परत. चालेल?"

त्याने पुटपुटत फोन ठेवला. दहा मिनिटांनी मेसेज आला, पाच पाठवा, पत्ता तोच. श्वेता मोठ्याने हसली. शनिवारच्या दिवसात पहिल्यांदा ती हसली होती, आणि सासूला ते बघून बरं वाटलं.

असे रविवारी दुपारपर्यंत एकाहत्तर फोन झाले. काही भांडले, काही गोड बोलले, एकाने त्यांना फसवी बाई म्हटलं आणि त्यावर त्यांनी पाणी पिऊन पुढचा नंबर लावला. प्रत्येक फोनची सुरुवात त्या एकाच वाक्याने करायच्या, आता ते वाक्य त्यांना पाठ झालं होतं. "नमस्कार, मी मोदकवाल्या वालावलकर. तुम्ही पस्तीस रुपयांत एकवीस मोदकांची ऑर्डर टाकलीत, पण ती किंमत चुकीची होती." खरं सांगायचं तर या वाक्यात थोडा डंखही होता. दोन दिवसांत त्यांचं मत झालंच होतं की यादीतली झाडून सगळी माणसं फुकटची हावरी आहेत.

बहात्तरावं नाव सीताराम केळुसकर. टाटा कॉलनी, दुसरा मजला.

"नमस्कार, मी मोदकवाल्या वालावलकर. तुम्ही पस्तीस रुपयांत एकवीस..."

"एकवीस?" पलीकडचा आवाज म्हातारा होता, पण स्वच्छ. "नाही हो. एक."

"तिथे एकवीस लिहिलंय, काका."

"लिहिलं असेल. मला ती बारीक अक्षरं दिसत नाहीत. मी पस्तीस रुपये वाचले. पस्तीस रुपयांत कुणी एकवीस मोदक देईल का? मी समजलो, एकच असणार. भाव बरोबर आहे की तुमचा, त्यात चूक कसली?"

एकाहत्तर फोनांत एकानेही त्यांना भाव बरोबर आहे असं म्हटलं नव्हतं.

"उलट मला बरंच वाटलं," सीतारामकाका पुढे म्हणाले. "म्हटलं चला, तुम्ही सुटा मोदक द्यायला लागलात. नातीने फोनवरून कसं करायचं ते शिकवलं आणि मी स्वतः पैसे भरले. पहिलीच ऑर्डर आहे माझी."

"तुम्ही आधी कधी घेतलेत का आमच्याकडचे?"

"घेतले नाहीत. विचारलं होतं एकदा. सहा वर्षं झाली. आमची ही गेली त्या वर्षी. ती असताना घरीच व्हायचे, एकवीस. शेजारीपाजारी वाटायची. ती गेल्यावर पहिली अंगारकी आली, तेव्हा मी तुम्हाला फोन केला होता. एक मिळेल का म्हणून विचारलं. तुम्ही म्हणालात, अंगारकीला सुटे देत नाही, एकवीस घ्या."

"मग?"

"मग काय, बरोबरच आहे तुमचं. एका मोदकासाठी कोण उकड काढत बसणार? मी एकवीस घेऊन काय केलं असतं? गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य दाखवला. तेव्हापासून तोच दाखवतो. बाप्पा चालवून घेतो."

त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर औषधालाही नव्हता, आणि त्यामुळेच जयंतीबाईंना ते फार लागलं. त्यांना तो फोन आठवेना. खूप आठवून पाहिला, पण तो कुठे सापडेचना. अंगारकीच्या आदल्या आठवड्यात सुट्या मोदकांना नाही म्हणणं हे त्यांच्या लेखी भांडं विसळण्याइतकं किरकोळ काम होतं. अशा किती जणांना नाही म्हटलं असेल, कुणास ठाऊक. हो म्हटलेल्यांची वही त्यांनी चोवीस वर्षं जपली होती. नाही म्हटलेल्यांची नोंद कुठेच नव्हती.

"काका, मंगळवारी तुमचा मोदक पोचेल," त्या कशाबशा म्हणाल्या आणि फोन ठेवला.

श्वेताने पाणी आणून दिलं, ते त्यांनी हातात धरलं आणि प्यायच्या विसरल्या.

"आई, काय झालं?"

"श्वेता, ते पैसे परत केलेले लोक आहेत ना, त्यांची यादी काढ. पुन्हा सगळ्यांना फोन लावायचाय."

"पुन्हा? का?"

"मी त्यांना सांगत बसले की तुमची ऑर्डर चुकीची आहे. किती हवे होते, ते विचारलंच नाही कुणाला."

चंद्रप्रकाशरावांनी वर्तमानपत्र खाली केलं आणि बायकोचा चेहरा पाहिला. उठून त्यांनी तिचा फोन चार्जिंगला लावला, कारण त्यात नऊ टक्के उरले होते.

रविवारी दुपारी तीनपासून जयंतीबाईंनी वाक्य बदललं. नवं वाक्य छोटं होतं. "तुम्हाला किती हवे होते?" बहुतेकांना एकवीसच हवे होते, फुकटात मिळाले तर कुणाला नको असतात, आणि तसं ते मोकळेपणाने सांगतही होते. पण मधूनच कुणीतरी वेगळं निघायचं. प्रबुद्ध नावाचा एक मुलगा, साताऱ्याकडचा, चार जणांत भाड्याने राहणारा आणि नोकरी शोधणारा, म्हणाला की घरी आई अंगारकी करते, इथे मी एकटाच करतो, मला एकच पुरे होता, एकवीस आलेच असते तर मित्रांना दिले असते. हॉस्पिटलात रात्रपाळी करणारी सपना नावाची नर्स म्हणाली, मला दोन, ड्यूटीवर खायला. एका आजींनी सांगितलं की मुलगा-सून ऑस्ट्रेलियाला, मी आणि कामवाली बाई, आम्हा दोघींना एक-एक. पैसे परत मिळाल्यावर या सगळ्यांनी मुकाट्याने बरं म्हटलं होतं. आपल्याला एकच हवा होता, हे सांगायचं कशाला, असं त्यांना वाटलं असावं. मोदक एकवीस मागतात. एक मागायला माणसाला संकोच वाटतो.

सोमवारी रात्र पडायच्या आत हिशेब लागला. पूर्ण भावाने एकवीस घेणारे अकरा निघाले, पाच घेणारे नऊ. आणि एक किंवा दोन हवे असणारे सतरा.

"सतरा घरं," रत्नप्रभा म्हणाली. "गे जयंती, आणि आपण म्हणायचो, सुटे कोणाक होये?"

"म्हणायचो," जयंतीबाई म्हणाल्या.

श्वेताने लॅपटॉप पुढे ओढला. दुकान शनिवारपासून बंद होतं. "आई, पुढच्या संकष्टीसाठी मी आता नीट भरून ठेवते. एकवीसची किंमत सातशे पस्तीस. बरोबर ना? तीन वेळा तपासते."

"ते टाकच. पण त्याच्या वर आणखी एक टाक. ती पस्तीस किंमत आहे ना, तिला हात लावू नको. नुसतं एकवीस खोड आणि एक लिही."

"अंगारकीलासुद्धा?"

"अंगारकीला आधी."

मंगळवार उजाडला तो पहाटे चारला, उकडीच्या पहिल्या वाफेबरोबर. त्या दिवसाचं वर्णन करण्यात अर्थ नाही, कारण पाच बायका, दोन शेगड्या आणि साडेआठशेच्या आसपास मोदक असं म्हटलं की ज्याला कळायचं त्याला कळतंच. एवढंच सांगायला हवं की एका मोदकाचा डबा बाजारात मिळत नाही. एकवीसच्या खोक्यात एक मोदक ठेवला तर तो रिकाम्या हॉलमध्ये बसलेल्या पाहुण्यासारखा दिसतो. चंद्रप्रकाशरावांनी स्टेशनजवळच्या फुलवाल्यांकडे जाऊन पानांचे छोटे द्रोण आणले, धुऊन पुसले आणि सतरा मांडले. चोवीस वर्षांपूर्वी स्टोअर बंद झाल्यापासून ते इतक्या मन लावून काही मांडताना कुणी पाहिले नव्हते.

संध्याकाळी सहाला दारात एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले. पांढरा सदरा, हातात काठी आणि कापडी पिशवी.

"केळुसकर," ते म्हणाले. "तुम्ही पाठवणार होतात, पण म्हटलं एका मोदकासाठी माणूस कशाला घालवायचा. जवळच तर आहे."

जयंतीबाईंनी त्यांना खुर्ची दिली. चाळणीतून नुकताच उतरलेला, कळ्या सर्वांत सुबक पडलेला मोदक निवडला, द्रोणात ठेवला आणि वर तूप सोडलं. मग क्षणभर थांबून दुसरा उचलला.

"नको," सीतारामकाका लगेच म्हणाले. "एकच. एक बाप्पाला दाखवणार, तोच मी खाणार. दुसरा ताटात बघत बसेल माझ्याकडे."

जयंतीबाईंनी दुसरा मोदक परत ठेवला. त्यांना दोन दिवस जे बोलायचं होतं ते ओठांवर आलं. मागे चार बायका, समोर डब्यांची चळत, कुणाचाही विचार न करता त्या बोलून मोकळ्या झाल्या. "काका, तेव्हा मी तुम्हाला विचारायला हवं होतं, एकच का हवा म्हणून. नुसतं नाही म्हणून फोन ठेवला मी. माझं चुकलं."

सीतारामकाकांनी द्रोण दोन्ही हातांत घेतला. पिशवीत ठेवायचा विचार त्यांनी सोडून दिला असावा, कारण काठी आता त्यांनी काखेत धरली होती.

"विचारलं असतंत तर मला सांगता आलं नसतं हो," ते म्हणाले. "'ती गेली' हा शब्दच तेव्हा तोंडातून निघत नव्हता. एकवीस घ्या म्हणालात, मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. मला वाटलं, सुटलो."

ते जायला वळले. तूप सांडू नये म्हणून अगदी हळू, पायरीवर दोन्ही पाय टेकत ते उतरले. श्वेता त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत जायला निघाली, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

आत जयंतीबाईंचा फोन वाजत होता. कुणीतरी आयत्या वेळी विचारणार होतं, अजून मिळतील का, अंगारकीच्या संध्याकाळी असे दहा फोन येतातच. रत्नप्रभा उकड मळता मळता म्हणाली, "उचलू नको गे, नाय म्हणूचाच आसा तर कशाक वेळ घालवतंस?" जयंतीबाईंनी हात पुसले आणि फोन उचलला.

"बोला," त्या म्हणाल्या. "घरात किती माणसं आहात?"